पानात काय वाढायचे, हे कोण ठरवते? टेस्टिंग मेनूची अडीचशे वर्षे

#थ्रेड #इतिहास #खाद्यसंस्कृती

१.
मुंबईत महालक्ष्मी परिसरात, शक्ती मिल्स लेनमधल्या श्री लक्ष्मी वुलन मिल्सच्या जुन्या आवारात २०१६ साली ‘मास्क’ हे रेस्टॉरंट सुरू झाले. येथे येणाऱ्याला पदार्थ निवडावे लागत नाहीत. रक्कम ठरलेली, क्रम ठरलेला, आणि घासा-दोन घासांचे दहाएक पदार्थ एकामागून एक समोर येतात. या पद्धतीला ‘टेस्टिंग मेनू’ म्हणतात. पॅरिस, टोकियो, न्यूयॉर्क, कोपनहेगन अशा शहरांतील सर्वांत महागडी जेवणे आज बहुतांशी याच पद्धतीची असतात.

२.
याच मध्य मुंबईत काही दशकांपूर्वी गिरणी कामगार खाणावळीत जेवत असे. तिथेही रक्कम ठरलेली, वेळ ठरलेली आणि पानात जे पडेल ते खायचे. म्हणजे शहरातील सर्वांत स्वस्त जेवणात आणि सर्वांत महाग जेवणात एक गोष्ट समान आहे : जेवणाऱ्याला निवड नाही. हे कसे घडले? निवडीचा अधिकार ग्राहकाला केव्हा मिळाला, आणि श्रीमंत ग्राहकाने तो स्वतःहून परत का केला? हा धागा या प्रश्नांविषयी आहे.

३.
सुरुवात अठराव्या शतकातील पॅरिसपासून करू. त्या काळी घराबाहेर जेवायचे तर खानावळवाल्याच्या सामायिक टेबलावर बसावे लागे. फ्रेंच भाषेत त्याला ‘ताब्ल दोत’, म्हणजे यजमानाचे टेबल, असे नाव होते. जेवणाची वेळ एकच, किंमत एकच, टेबल एकच. उशिरा येणाऱ्याला उरलेसुरले मिळे. नेहमीचे गिऱ्हाईक चांगला तुकडा उचलत आणि परगावचा प्रवासी बघत राही. गिरणगावातील माणसाला या वर्णनात फारसे परके काही वाटले नसते.

४.
१७६०च्या दशकात पॅरिसमध्ये एक नवा व्यवसाय उभा राहिला. ‘रेस्टोराँ’ हा शब्द मुळात जागेचा नव्हता. शक्ती भरून आणणाऱ्या, मांस दीर्घकाळ उकळून काढलेल्या सारालाच ‘रेस्टोराँ’ म्हणत. नाजूक प्रकृतीच्या लोकांनी यावे, स्वतंत्र टेबलावर बसावे आणि हे सार प्यावे, अशी त्या दुकानांची कल्पना होती. १७६६च्या सुमारास मातुराँ रोझ द शाँत्वाझो याने असे दुकान काढले. या व्यवसायाच्या आरंभकर्त्यांत इतिहासकार रिबेका स्पँग त्याला महत्त्वाचे स्थान देतात.

५.
प्रकृतीचे निमित्त लवकरच मागे पडले, पण त्या निमित्ताने आलेल्या तीन गोष्टी टिकल्या : स्वतंत्र टेबल, सोयीची वेळ आणि किमतीसह लिहिलेली यादी. ग्राहक यादी वाचून हवे ते मागू लागला आणि जे मागितले त्याचेच पैसे देऊ लागला. शेजारी बसलेला माणूस काय खातो याच्याशी त्याचा संबंध उरला नाही. अनोळखी लोकांनी भरलेल्या दालनात प्रत्येकाने आपापल्या आवडीचे जेवावे, ही त्या काळी नवलाची गोष्ट होती.

६.
येथे एक लोकप्रिय समज तपासून घेतला पाहिजे. १७८९च्या राज्यक्रांतीत सरदार पळाले, त्यांचे आचारी बेकार झाले आणि त्यांनी रेस्टॉरंटे काढली, असे वारंवार सांगितले जाते. क्रांतीनंतर रेस्टॉरंटांची संख्या वाढली हे खरे. मात्र त्यांचा जन्म क्रांतीच्या वीसेक वर्षे आधीच झाला होता. पुढे राजा झालेल्या प्रोव्हान्सच्या काउंटच्या पदरी असलेल्या आंत्वान बोव्हिलिए याने आपले आलिशान रेस्टॉरंट १७८०च्या दशकातच, म्हणजे क्रांतीपूर्वी थाटले होते.

७.
त्याच काळात राजवाड्यांतील जेवण मात्र वेगळ्या रीतीने चाले. तिला ‘फ्रेंच वाढप’ म्हणतात. वीस-तीस पदार्थ एकाच वेळी टेबलावर समप्रमाण मांडले जात. काही वेळाने सगळे उचलून दुसरा संच मांडला जाई, मग तिसरा. पाहुणा हाताशी असलेल्या पात्रांतून घेई. दूरचा पदार्थ हवा असेल तर शेजाऱ्याची किंवा नोकराची मदत लागे. मांडणी डोळे दिपवणारी असे, पण ती पूर्ण होईपर्यंत बरेचसे अन्न निवून जाई.

८.
आपल्याकडील पंगतीशी तुलना केल्यास फरक लक्षात येतो. पंगतीत पानावरील जागा ठरलेल्या असतात : मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे, भाज्या उजवीकडे. वाढपी प्रत्येकाच्या पानापर्यंत येतो, त्यामुळे दूरचा पदार्थ हा प्रश्न उद्भवत नाही. वरणभाताने आरंभ आणि ताकभाताने शेवट, असा क्रमही असतो. बेत यजमान ठरवतो. पाहुण्याच्या हाती ‘आणखी वाढा’ किंवा ‘पुरे’ एवढेच असते. अर्थात कोणी कोणाच्या पंक्तीला बसायचे हे जात ठरवत असे, हेही विसरता येत नाही.

९.
फ्रेंच वाढपाला आव्हान मिळाले ते रशियाकडून. १८१०च्या सुमारास झारचा पॅरिसमधील राजदूत अलेक्सांद्र कुराकिन याने आपल्या मेजवानीत नवी रीत आणली, असे श्रेय त्याला दिले जाते. मांस कापण्याचे काम टेबलावरून हलले. पदार्थ एकेक करून, गरम असतानाच, प्रत्येकाच्या समोर येऊ लागला. टेबलाचा मधला भाग रिकामा झाला आणि तिथे फुले व फळे आली. हेच ‘रशियन वाढप’.

१०.
त्या काळचा सर्वांत नामांकित आचारी आंतोनँ कारेम याला हा बदल फारसा रुचला नाही. झार अलेक्झांडरसाठी त्याने काम केले होते, रशियन रीत जवळून पाहिली होती. पण साखरेची मंदिरे आणि मनोरे रचणाऱ्या कारेमला सगळे वैभव एकाच वेळी टेबलावर दिसावे असे वाटे. १८३३ साली तो गेला. पुढच्या पिढीत उर्बाँ द्युब्वा याने रशियन रीतीचा जोरदार पुरस्कार केला आणि शतकाच्या उत्तरार्धात ती युरोपभर रुळली.

११.
या बदलाचे दोन परिणाम दूरगामी ठरले. पहिला : पुढे काय येणार हे डोळ्यांना दिसेनासे झाले, म्हणून पाहुण्यासमोर मेनूकार्ड ठेवण्याची प्रथा पक्की झाली. दुसरा : जेवणाला काळाचा क्रम आला. आधी सार, मग मासे, मग मांस, शेवटी गोड, ही मांडणी आता खाणाऱ्याच्या हातून सुटून स्वयंपाकघराच्या हाती गेली. आजच्या टेस्टिंग मेनूचा सांगाडा येथे तयार झाला.

१२.
क्रम आला की वेळेचे गणित आले. प्रत्येक टेबलावर प्रत्येक पदार्थ नेमक्या क्षणी गरम पोहोचवायचा तर स्वयंपाकघराची रचना बदलणे भाग होते. हे काम ओग्युस्त एस्कॉफिए याने केले. सेझार रिट्झबरोबर त्याने १८९० पासून लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलचे स्वयंपाकघर सांभाळले. १८७०च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात त्याने सैन्यात आचाऱ्याचे काम केले होते. स्वयंपाकघरातील पथकांची त्याची रचना लष्करी शिस्तीची आठवण करून देते.

१३.
सॉस एकाकडे, भाजणे दुसऱ्याकडे, मासे तिसऱ्याकडे, भाज्या व अंडी चौथ्याकडे, मिठाई पाचव्याकडे. ‘अंडी मेयरबेअर’ या पदार्थाचे उदाहरण इतिहासकार देतात. एकट्या आचाऱ्याला त्यासाठी सुमारे पंधरा मिनिटे लागत. नव्या रचनेत एकजण अंडी शिजवी, दुसरा मेंढीचा गुर्दा भाजे, तिसरा ट्रफलचा सॉस करी आणि काही मिनिटांत ताटली तयार होई. कापडगिरणीत ताना, साचा, रंगाई अशी वेगवेगळी खाती असत, त्याच तत्त्वाने आता जेवण तयार होऊ लागले.

१४.
सॅव्हॉयमध्ये आणखी एक गोष्ट घडली. तिथली यादी फ्रेंच भाषेत असे आणि अनेक इंग्रज ग्राहकांना ती उलगडत नसे. एस्कॉफिएने चार किंवा अधिक जणांच्या गटासाठी ठरावीक किमतीचे जेवण ठेवले. त्यात काय असावे हे तो स्वतः ठरवी. निवडीचा अधिकार सोडून देणे ही श्रीमंतांसाठी सोय ठरू शकते, हे येथे दिसते. ‘आपल्याला कळत नाही’ हे उघड न करता चांगले जेवण मिळवण्याचा तो मार्ग होता.

१५.
या झगमगाटाखाली काय होते, हे जॉर्ज ऑर्वेलने लिहून ठेवले आहे. १९२९ साली त्याने पॅरिसच्या एका मोठ्या हॉटेलात भांडी घासण्याचे आणि हरकामाचे काम केले. १९३३ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पुस्तकात तळघरातील उष्मा, दिवसभराची राबणूक आणि आचारी, वाढपी, भांडीवाले यांची काटेकोर उतरंड यांचे वर्णन येते. भोजनगृहातील शांतता आणि स्वयंपाकघरातील कोलाहल यांच्यात फक्त एका दाराचे अंतर होते.

१६.
आता पॅरिस सोडून लियाँ शहरात जाऊ, कारण टेस्टिंग मेनूचा एक दुर्लक्षित धागा तिथे सापडतो. श्रीमंत घरांत स्वयंपाकीण म्हणून राबलेल्या काही स्त्रियांनी तिथे स्वतःची छोटी भोजनालये काढली. लोक त्यांना ‘मेर’, म्हणजे आई, म्हणत. त्यांची यादी अगदी तुटपुंजी असे. मेर फियू हिच्याकडे वर्षानुवर्षे जवळपास तोच बेत असे, आणि सालीखाली ट्रफलचे काप सरकवून शिजवलेली कोंबडी हा त्याचा मुकुटमणी होता.

१७.
फियूच्या हाताखाली काम केलेली युजेनी ब्राझिए १८९५ साली शेतकरी कुटुंबात जन्मली. लहानपणीच आई गेली. तरुणपणी, लग्नाविना मूल पदरी असताना, ती लियाँमध्ये घरकामाला आली. १९२१ साली तिने स्वतःचे भोजनालय काढले. मोजके पदार्थ, पण निर्दोष, ही तिची ख्याती. १९३३ साली मिशलँ मार्गदर्शिकेने तिच्या दोन्ही रेस्टॉरंटांना प्रत्येकी तीन तारे दिले. एकाच वेळी सहा तारे मिळवणारी ती पहिली व्यक्ती.

१८.
मिशलँ ही टायर बनवणारी कंपनी. लोकांनी मोटारी अधिक चालवाव्यात म्हणून १९०० साली तिने प्रवासाची मार्गदर्शिका फुकट वाटली. १९२६ पासून त्यात चांगल्या जेवणासाठी तारा आला आणि १९३१ पासून दोन व तीन ताऱ्यांची श्रेणी. ‘तीन तारे म्हणजे मुद्दाम प्रवास करून जावे असे ठिकाण’, या सूत्राने एक नवी कल्पना रुजवली : जेवण हेच प्रवासाचे कारण असू शकते. टेस्टिंग मेनूच्या आजच्या ग्राहकाची मानसिकता येथून घडत गेली.

१९.
दुसऱ्या महायुद्धानंतर ब्राझिएच्या स्वयंपाकघरात पोल बोक्यूज नावाचा पोरसवदा उमेदवार राबला. भाजीची मशागत, गाई दोहणे, कपडे धुणे, सगळी कामे त्याच्या वाट्याला होती. हाच बोक्यूज पुढे फ्रेंच पाककलेचा जगभरातील चेहरा झाला. ऑक्टोबर १९७३ मध्ये आंरी गो आणि क्रिस्तियाँ मियो या समीक्षकांनी ‘नुव्हेल क्युझीन’, म्हणजे नव्या पाकशैलीची दहा सूत्रे मांडली. जड सॉस टाळा, ताजेपणा राखा, कमी शिजवा, यादी छोटी ठेवा, असा त्यांचा आशय होता.

२०.
या शैलीत ताटली स्वयंपाकघरातच सजवून बाहेर येऊ लागली. पूर्वी वाढपी टेबलाजवळ मांस कापे, सॉस घाली, त्यामुळे त्याचेही कौशल्य दिसे. आता सगळे कसब शेफकडे एकवटले. याच दशकात फ्रान्समध्ये ‘मन्यू देग्युस्तासियों’, म्हणजे चाखण्याचा मेनू, ही संज्ञा रुळत गेली. एका बैठकीत शेफचे सर्व महत्त्वाचे पदार्थ थोडे थोडे चाखायचे. ग्राहक पदार्थ निवडेनासा झाला. तो आता शेफ निवडू लागला.

२१.
या वळणावर जपानचाही हात आहे. ओसाका येथे १९६० साली पाककला विद्यालय काढणाऱ्या शिझुओ त्सुजी यांची बोक्यूजशी मैत्री होती, आणि फ्रेंच शेफ जपानला जाऊ लागले होते. तिथे त्यांनी ‘कैसेकी’ पाहिली. सोळाव्या शतकातील चहागुरू सेन नो रिक्यू यांच्या परंपरेत चहापूर्वीचे जेवण साधे असे : भात, एक सार, मोजके पदार्थ. पुढे तिचा विस्तार झाला तरी ऋतूनुसार साहित्य, छोटे प्रमाण, निवडलेली भांडी आणि यजमानाने ठरवलेला क्रम ही सूत्रे टिकली.

२२.
शिकागोत १९८७ साली सुरू झालेल्या आपल्या रेस्टॉरंटमध्ये चार्ली ट्रॉटर यांनी अनेक पदार्थांचा मेनू हाच मुख्य प्रकार केला आणि केवळ भाज्यांचा स्वतंत्र टेस्टिंग मेनूही दिला. मात्र या पद्धतीला टोकापर्यंत नेले ते स्पेनमधील कॅटलोनियात, रोझेस गावाजवळील ‘एल बुयी’ने. फेरान आद्रिया तेथे १९८४ साली रुजू झाले. तीसहून अधिक छोटे पदार्थ, दिवसाला सुमारे पन्नास ग्राहक, वर्षातील निम्मा काळ बंद ठेवून प्रयोग. या शतकाच्या आरंभी त्यांनी निवडीची यादीच काढून टाकली.

२३.
या पद्धतीचे व्यावहारिक फायदे आहेत. आज किती जण येणार आणि प्रत्येकजण काय खाणार हे आधीच ठाऊक असते. साहित्य मोजून आणता येते, नासाडी कमी होते, पैसे आगाऊ घेता येतात. पण दुसरी बाजू अशी की पन्नास जणांसाठी तीस पदार्थ म्हणजे एका रात्री दीड हजार ताटल्या. प्रत्येकीवर चिमट्याने ठेवलेले पान, मोजून सोडलेला थेंब. हे काम यंत्र करत नाही. त्यासाठी हात लागतात, आणि हातांना मजुरी द्यावी लागते.

२४.
एल बुयीत दर हंगामाला तीस-पस्तीस उमेदवार बिनपगारी राबत. अनुभव आणि नाव, हाच मोबदला. तरीही रेस्टॉरंट स्वतः नफा मिळवत नव्हते. पुस्तके, व्याख्याने आणि सल्ला यांतून पैसा येई. ३० जुलै २०११ रोजी ते बंद झाले. तिथे उमेदवारी केलेले रेने रेझेपी यांनी कोपनहेगनमध्ये २००३ साली ‘नोमा’ उभारले. नोमानेही अनेक वर्षे बिनपगारी उमेदवारांवर काम चालवले. ऑक्टोबर २०२२ पासून त्यांना वेतन मिळू लागले. जानेवारी २०२३ मध्ये रेझेपी यांनी नेहमीच्या स्वरूपातील रेस्टॉरंट बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. ही पद्धत आर्थिक आणि मानवी दृष्टीने टिकणारी नाही, असे कारण त्यांनी दिले.

२५.
आता महालक्ष्मीकडे, त्या दुसऱ्या निवडहीन जेवणाकडे परत येऊ. कोकण, सातारा, कोल्हापूर येथून आलेल्या गिरणी कामगारांपैकी अनेकांचे कुटुंब गावी असे. चाळीतल्या एका खोलीत पाळीपाळीने झोपायचे आणि जवळच्या खाणावळीत जेवायचे. ही खाणावळ म्हणजे बहुधा एखाद्या बाईंचे स्वतःचे घर. पहाटे उठून भाकऱ्या थापायच्या, भाजी, आमटी, भात करायचा आणि गिरणीच्या पाळ्यांप्रमाणे जेवण तयार ठेवायचे. पैसे महिन्याने, पगार झाल्यावर. तोपर्यंत किराणा सावकाराच्या कर्जावर.

२६.
संपाच्या काळात कामगारांचा पगार थांबे, पण भूक थांबत नसे. अशा वेळी खाणावळवाल्या बायका उधारीवर जेवू घालत आणि स्वतःच्या डोक्यावरचे कर्ज वाढवत. गोवा मुक्तिसंग्रामात सहभागी झालेल्या प्रेमा पुरव यांनी हे जवळून पाहिले आणि १९७५ साली ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ स्थापन केले. या स्त्रियांना सावकाराऐवजी राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवून देणे, हे मंडळाचे पहिले मोठे काम. घरात होणारा स्वयंपाक हा व्यवसाय आहे आणि तो करणारी बाई कर्जास पात्र आहे, हे बँकेला पटवून द्यावे लागले.

२७.
१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. त्या संपातून गिरणगाव पुन्हा पूर्वीसारखे उभे राहिले नाही. कामगार गावी परतले आणि गिऱ्हाईक गेल्यावर खाणावळींचाही आधार तुटला. १९९१ आणि २००१च्या विकास नियमांनी कापडगिरण्यांच्या जमिनींचा नवा वापर खुला केला. मार्च २००६च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने तो मार्ग अधिक मोकळा झाला. मध्य मुंबईतील अनेक गिरण्यांच्या आवारांत कार्यालये, मॉल आणि रेस्टॉरंटे आली.

२८.
निवड नसणे दोन्हीकडे आहे, पण त्याचा अर्थ वेगळा आहे. कामगाराला निवड नव्हती, कारण पगारात तेवढेच बसत होते. टेस्टिंग मेनूच्या ग्राहकापाशी शहरातील सगळ्या निवडी असतात. त्यांतली एक एका संध्याकाळपुरती बाजूला ठेवण्याचे तो पैसे देतो. त्या बदल्यात त्याला शेफची दृष्टी, साहित्याची कथा आणि एक आठवण मिळते. या अनुभवाला खोटे किंवा पोकळ म्हणण्याचे कारण नाही. ब्राझिएची कोंबडी असो वा कैसेकीचे सार, दुसऱ्याच्या हाताच्या चवीवर विश्वास टाकण्याचा आनंद खराच असतो.

२९.
इतिहासाच्या विद्यार्थ्याने मात्र आणखी एक फरक पाहावा : कागदाचा. एल बुयीने आपल्या १,८४६ पदार्थांची क्रमवार नोंद छायाचित्रांसह प्रसिद्ध केली आहे. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात फ्रँक बटॉल्फ या बाईंनी १९०० पासून मेनूकार्डे गोळा करायला घेतली. त्या संग्रहावरून आज पदार्थांच्या किमती, आवडीनिवडी आणि शब्द यांचा इतिहास लिहिता येतो. खाणावळीला मेनूकार्डच नव्हते. काय शिजले आहे ते वासावरून कळे आणि हिशेब वहीत असे. वह्या रद्दीत गेल्या.

३०.
म्हणून लाखो कामगारांना वर्षानुवर्षे जेवू घालणाऱ्या स्वयंपाकाविषयी आपल्यापाशी एखाद्या महागड्या रेस्टॉरंटच्या एका हंगामाइतकीही तपशीलवार माहिती नाही. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या गिरणगावच्या मौखिक इतिहासासारखे प्रयत्न म्हणूनच मोलाचे आहेत. लियाँच्या मेर आज नावानिशी ओळखल्या जातात, कारण त्यांच्याविषयी वेळेत लिहिले गेले. परळ, लालबाग, भायखळा येथील खाणावळवाल्या बायकांपैकी बहुतेकींची नावे त्यांच्या गिऱ्हाइकांच्या आठवणीत आहेत, आणि ती पिढी आता ऐंशीच्या घरात आहे.

३१.
हा धागा वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या आजीने खाणावळ चालवली असेल, कोणाचे आजोबा तिथे जेवले असतील. त्यांना विचारा : महिन्याचे किती रुपये? सोमवारी काय असे, रविवारी काय? मासळी कुठल्या बाजारातून येई? किती जणांचा स्वयंपाक, किती भाकऱ्या, हाताशी कोण? संपात उधारी किती साचली, ती फिटली का? उत्तरे तारखेसह लिहून ठेवा, आवाज मुद्रित करा, जुनी वही सापडली तर तिची छायाचित्रे घ्या. पुढच्या अभ्यासकाला मुंबईच्या जेवणाचा इतिहास लिहिताना हीच साधने लागणार आहेत.

#मराठी #गिरणगाव #मुंबई